होजिअरीचे टी-शर्ट आटतात, शिवण फिरते: यावर नॅनो-चांदीचं फिनिश घ्यावं का?

सुतगाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

इचलकरंजीत आमचं शिलाईचं छोटं युनिट आहे. वडिलांचे माग होते. ते विकून मी अकरा शिलाई मशिनं घेतली आणि शाळांच्या खेळाच्या टी-शर्टांचं काम धरलं. कापड शंभर टक्के सुती, सिंगल जर्सी (एकेरी फाशांची साधी विणलेली होजिअरी), ३० नंबरचं सूत. विणाई जॉबवर्कवर करून घेतो, रंगाई आणि फिनिशिंग एका प्रोसेस हाउसमध्ये.

गेल्या जूनमध्ये दिलेल्या मालाबद्दल तक्रारी आल्या. ६६ सेंटिमीटर लांबीचा टी-शर्ट तीन धुण्यांत ६० वर आला, रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. बाजूची शिवण फिरून पोटावर येते. दप्तराचा पट्टा घासतो तिथे आणि काखेत गोळे धरतात. एका शाळेच्या पीटीच्या सरांनी फोन करून आणखी सांगितलं, की कापड घाम टिपतच नाही, पाठीवरून ओघळतो, आणि सुती असूनही वास मारतं. हे ऐकून फार वाईट वाटलं. पालक पैसे मोजून घेतात आणि मुलं वर्षभर तेच अंगात घालतात.

परवा एक रसायनविक्रेते येऊन गेले. त्यांच्याकडे नॅनो-चांदीचं फिनिश आहे. जंतू मरतात, वास येत नाही, ५० धुणी टिकतं, शिवाय सोबतच्या 'नॅनो सॉफ्टनर'ने कापड मऊ होतं आणि आटणंही कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. किलोमागे खर्च वाढेल, पण तक्रारी थांबणार असतील तर मी तो सोसायला तयार आहे. कुणी वापरलंय का? खरंच उपयोग होतो का?

जुना_डायमास्तर
अहो, आधी ते विक्रेते थोडे दिवस थांबवा. तुमच्या चार तक्रारींपैकी पहिल्या तिन्हींचा चांदीशी काडीचा संबंध नाही. चौथीचाही अर्धाच आहे.

मी छत्तीस वर्षं प्रोसेसमध्ये काढली, त्यातली शेवटची बावीस निव्वळ होजिअरीवर. मागावरचं कापड आणि होजिअरी यांत मूलभूत फरक आहे. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात. होजिअरीत फाशात फासा अडकवलेला असतो. फासा ओढला की लांबट होतो, सोडला की पुन्हा गोलाकडे जातो. विणताना खाली रोल ओढतो, रंगाईत कापड दोरासारखं ओढलं जातं, स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून वाळवायच्या मशीनवर, पिना रुंदीला ताणतात. एवढं ताणून वाळवलेलं कापड तुम्ही बेतता. घरी बादलीत पाणी लागलं की सूत फुगतं, फाशाला मोकळीक मिळते आणि तो आपल्या मूळ आकाराला जातो. लांबी आटली आणि रुंदी तशीच राहिली, याचा अर्थ कापड लांबीला ओढून वाळवलं होतं. सूत आटलेलं नाही, फासा परतलाय.

फाशाचा हा 'मूळ आकार' ठरतो तो विणाईच्या वेळी. मंडन नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५९ साली दाखवून दिलं, की पूर्ण सैल झालेल्या साध्या होजिअरीत एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती फासे बसणार हे मुख्यतः एका फाशात किती लांबीचं सूत गेलंय यावर ठरतं. आम्ही त्याला लूप लेंथ म्हणतो. पुढे मँचेस्टरच्या आंतरराष्ट्रीय कापूस संस्थेने यावरूनच धुतल्यानंतरचं कापड कसं होईल याचा अंदाज बांधणारी एक पद्धत तयार केली. तिचं नाव स्टारफिश. शेवट जसा हवा तशी सुरुवात करा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून ते नाव घडवलंय. माझ्या खात्यात भिंतीवर ते वाक्य मराठीत लिहून लावलं होतं.

तर तुम्ही पुढील गोष्टी कळवा: सूत कार्डेड की कोम्ब्ड (विंचरून आखूड तंतू काढलेलं), मशीनचा गेज (एका इंचात किती सुया), लूप लेंथ, फिनिश जीएसएम (तयार कापडाच्या एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आणि तीन धुण्यांनंतरचा जीएसएम. लूप लेंथ विणकराला विचारू नका, स्वतः मोजा. कापडावर एका आडव्या ओळीत शंभर फासे मोजून दोन्ही टोकांना पेनाने खूण करा. मग त्या ओळीचा धागा उसवून, सुरकुती जाईल इतपतच सरळ धरून खुणांमधलं अंतर मोजा. २८ सेंटिमीटर आलं तर लूप लेंथ २.८ मिलिमीटर. अशा पाच ओळी घ्या.

घाम टिपण्याची परीक्षा तर घरचीच. कापड वाटीवर ताणून बसवा, वरून पाण्याचा एक थेंब सोडा. नीट तयार केलेल्या सुती कापडात तो बघता बघता मुरतो. पाच सेकंद होऊनही थेंब मण्यासारखा बसून राहिला तर तुमच्या कापडावर बहुधा सिलिकॉनचा थर आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

सुतगाठ
मास्तर, काल रात्री जेवणानंतर मी आणि बायको धागे उसवत बसलो होतो. सूत कार्डेड, मशीन २४ गेजचं. पाच ओळींची सरासरी ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे ३.०५ मिलिमीटर. फिनिश जीएसएम १३०, तीन धुण्यांनंतर १४३. आणि थेंब एक मिनिट बसून होता. शेवटी मीच पुसला.

जुना_डायमास्तर
झालं तर मग. १३० चं १४३ होणं आणि ६६ चं ६० होणं ही एकच गोष्ट आहे, गणित करून पाहा.

३० नंबरच्या सुताला ३.०५ म्हणजे फार सैल विणाई. सैल विणलं की तेवढ्याच सुतात जास्त मीटर कापड निघतं, मशीन पळतं, विणकराला परवडतं. पण फाशाला फिरायला जागा राहते. शिवण फिरण्याचं कारण तिथेच आहे. सुताला पीळ असतो, तो उलगडायला बघतो, आणि सिंगल जर्सीत त्याला अडवणारा विरुद्ध बाजूचा फासा नसतो. रिब किंवा इंटरलॉकमध्ये दोन्हीकडे फासे असल्याने हे जवळपास दिसत नाही. सैल जर्सीत मात्र उभ्या ओळी तिरक्या होतात. स्टेंटरवर त्या जबरदस्तीने सरळ करतात आणि पहिल्या धुण्यात त्या पुन्हा आपल्या जागी जातात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्या अनुभवातून सांगतो. कोम्ब्ड सूत घ्या आणि लूप लेंथ २.७५ च्या आसपास ठेवा. कापड जड होईल, किलोमागे मीटर कमी येतील, त्याचा हिशेब आधीच धरा. प्रोसेसवाल्याला रुंदी ताणून मागू नका. (हे आपण सगळेच करतो. दोन इंच जास्त रुंदी मिळाली की बेतायला बरं पडतं, आणि ते दोन इंच गिऱ्हाइकाच्या बादलीत परत जातात.) वाळवताना स्टेंटरवर ओव्हरफीड द्यायला सांगा, म्हणजे पिनांवर कापड लांबीला सैल भरलं जाईल. त्यानंतर कॉम्पॅक्टर. वाफ देऊन रोलर आणि त्याला लागून असलेल्या 'शू' नावाच्या धातूच्या भागामधे कापड लांबीला दाबून बसवतात, घरी जे आटणार ते तिथेच आटवून घेतात.

गोळ्यांसाठी बायोपॉलिशिंग. सेल्युलेज नावाचं एन्झाइम कापडावर उभी राहिलेली लव खाऊन टाकतं. आम्ल जातीचं असेल तर पीएच ४.५ ते ५.५, तापमान ५० ते ५५ अंश. हे प्रकरण नाजूक आहे. एन्झाइमला लव कुठली आणि धागा कुठला ते कळत नाही, वेळेवर थांबवलं नाही तर ते पुढे सुतालाही खातं. वजनात तीन-चार टक्के घट चालते, त्यापुढे कापडाची फुटण्याची ताकद उतरते. काम झालं की तापमान ८० वर नेऊन एन्झाइम मारायचंच. एका पाळीत कुणीतरी हे विसरलं आणि रात्रभर ओलं पडलेलं चारशे किलो कापड सकाळी बोटाने फाटत होतं. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

चांदीबद्दल मी बोलत नाही, तो माझा विषय नव्हे. इथे कुणी जाणकार असतील.

पंचगंगाकाठ
वाचनखूण साठवली. शंभर फासे उसवून मोजायची युक्ती आमच्या सुपरवायझरला दाखवतो.

कणभर
चांदीबद्दल मी लिहिते. पीएचडी सुती कापडावरच्या धातूच्या नॅनोकणांवर केली आहे, आता अध्यापन करते. डायमास्तर काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. प्रयोगशाळेत आम्ही नीट तयार केलेल्या कापडाचा हातभर तुकडा घेतो, म्हणून आमचे निकाल छान येतात. बाजारातल्या रोलवर परिस्थिती वेगळी असते, आणि हा फरक शोधनिबंधांत फारसा लिहिला जात नाही.

आधी 'नॅनो' या शब्दाचा गोंधळ. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या गोष्टीला नॅनो म्हणतात. तुमच्या विक्रेत्याचा 'नॅनो सॉफ्टनर' म्हणजे बहुधा सिलिकॉनचं बारीक थेंबांचं इमल्शन. थेंब बारीक असल्याने ते सुताच्या आत शिरतं आणि कापड आतून मऊ लागतं. चांगली वस्तू आहे, पण तिच्यात धातूचा कण नाही आणि जंतूंशी तिचा संबंध नाही. शिवाय साधं अमिनो सिलिकॉन जास्त झालं तर तुमचा थेंब बसून राहतो तसाच बसेल, आणि पांढरं कापड उष्णतेने पिवळट होईल. मागायचंच असेल तर पाणी शोषणारं, हायड्रोफिलिक सिलिकॉन मागा.

आता चांदी. एक मिलिमीटरचा दाणा फोडून १० नॅनोमीटरचे कण केले तर वजन तेवढंच राहतं आणि पृष्ठभाग एक लाख पटींनी वाढतो. चांदी काम करते ती पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे. हे आयन जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना जाऊन चिकटतात आणि त्यांचं कामकाज बंद पाडतात. म्हणून अगदी थोडी चांदीही पुरते. इथपर्यंत विक्रेता खरं बोलतोय.

अडचण कण टिकवण्याची आहे. पाण्यात बुडालेल्या कापसावर ऋण भार असतो. बहुतेक चांदीच्या द्रावणांत कणांवरही ऋण भार असतो. दोघं एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून नुसतं द्रावणात बुडवून पिळलेलं कापड पहिल्या-दुसऱ्या धुण्यात बरीचशी चांदी सोडून देतं. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये बाजारातले चांदीवाले मोजे पाण्यात खळबळून पाहिले होते. काहींतली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात उतरली, तर काहींतली फारच थोडी सुटली. लेबल वाचून यातला कुठला मोजा कोणता ते ओळखता येत नाही. सगळं कण बसवण्याच्या पद्धतीवर आहे.

बसवायचे मार्ग तीन-चार आहेत. सर्वांत सोपा बाइंडर, म्हणजे ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. तो कणांना धरतो, पण त्यांना झाकूनही टाकतो, आणि होजिअरीचा ताणला जाण्याचा गुण कमी करतो. दुसरा मार्ग बीटीसीएसारख्या पॉलिकार्बॉक्झिलिक आम्लांचा. सोडियम हायपोफॉस्फाइटसोबत १६० ते १८० अंशांवर भाजलं की ते सेल्युलोजशी पक्कं बांधलं जातं, सुरकुत्या कमी होतात, आणि मोकळे राहिलेले आम्लगट कणांना धरून ठेवतात. फॉर्माल्डिहाइड सुटत नाही, हा त्याचा मोठा गुण. महाग आहे आणि ताकद कमी करतं, हे दोष. तिसरा, कण बाहेर न बनवता सुताच्या आतच बनवायचे: कापड सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवून मग ग्लुकोजसारख्या पदार्थाने क्षपण करायचं, म्हणजे आयनांची पुन्हा धातूची चांदी करायची. कण सुताच्या भेगांत जन्मतात, म्हणून सहज निघत नाहीत. माझं काम यावरच होतं. पण मोठ्या मशीनवर रंग सगळीकडे सारखा राखणं फार कठीण जातं.

रंगाचं म्हणाल तर चांदीचे नॅनोकण पिवळे दिसतात. ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ते शोषतात, त्यामुळे पांढऱ्या टी-शर्टवर किंचित पिवळी झाक येते. पांढऱ्या कापडाला जराही झाक आली नसेल तर चांदी किती आहे हे विक्रेत्याला जरूर विचारा. क्लोरीनचं ब्लीच लागलं तर वेगळाच प्रश्न, सिल्व्हर क्लोराइड होऊन उजेडात ते करडं पडत जातं.

सुतगाठ
कणभर ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे बोअरचं पाणी चांगलंच जड आहे. त्याने काही फरक पडतो का? आणि प्रोसेसवाले म्हणतात की चांदी आणि सॉफ्टनर एकाच बाथमध्ये (कापड बुडवायच्या द्रावणात) टाकू, वेळ वाचेल.

कणभर
फरक पडतो, आणि खूप पडतो. हे विचारलंत ते बरं झालं.

नॅनोकण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्यावरच्या भारामुळे. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम, रंगाईतून नीट न धुतलेलं ग्लॉबर मीठ, यांनी तो भार झाकला जातो आणि कण एकत्र येऊन गुठळ्या होतात. गुठळी झाली की नॅनोपणा संपला. त्यात क्लोराइड असेल तर चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते. बाजारातलं सर्वसाधारण सॉफ्टनर कॅटायनिक, म्हणजे धन भाराचं. ऋण भाराच्या चांदीसोबत ते एका बाथमध्ये घातलं तर दोन्ही फाटतात, लिंबू पिळलेल्या दुधासारखे. आधी काचेच्या ग्लासात दोन्ही मिसळून तासभर ठेवा. गढूळ झालं किंवा तळाला गाळ आला तर तोच गाळ कापडावर डाग म्हणून बसणार आहे. मृदू पाणी आणि वेगळा बाथ, यात तडजोड करू नका.

आईची_ओवी
विषय थोडा बाजूचा आहे, पण विचारते. माझं बाळ सात महिन्यांचं आहे. दुकानात 'जंतुरोधक', 'सिल्व्हर' असं लिहिलेली झबली आणि टोपडी दिसतात, नेहमीच्या झबल्यांपेक्षा बरीच महाग. बाळाच्या त्वचेवर लगेच पुरळ उठतं, म्हणून घ्यावीत असं वाटतंय. घेऊ का?

कणभर
बाजूचा कसला, याच विषयाचं टोक आहे. माझं मत विचारत असाल तर घेऊ नका. निरोगी बाळाच्या अंगावर चांगले जिवाणूही असतात, आणि बाळ कापड सतत तोंडात घालतं. धुतलेलं, उन्हात वाळवलेलं साधं मऊ सुती झबलं त्याला पुरेसं आहे.

तुम्ही दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष द्या असं सुचवीन: फॉर्माल्डिहाइड. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला डीएमडीएचईयू नावाचं रेझिन लावतात, त्यातून हा वायू थोडाथोडा सुटतो आणि काही जणांना त्याने पुरळ येतं. ओइको-टेक्स प्रमाणपत्रात त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे, तान्ह्या बाळांच्या कपड्यांसाठी तीच १६ पर्यंत खाली आणलेली आहे. फॉर्माल्डिहाइड पाण्यात विरघळतं, म्हणून नवं झबलं वापरण्याआधी एक-दोनदा धुऊन घ्यायची आजीची सवय रसायनशास्त्रालाही मान्य आहे. 'इस्त्री नको' असं लिहिलेलं सुती कापड बाळासाठी टाळा. आणि पुरळ टिकून राहिलं तर कापडात कारण शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आईची_ओवी
धन्यवाद ताई. आईने जुन्या धोतराची लंगोटं शिवून पाठवली आहेत, तीच काढते आता.

नोय्यलकाठचा_मराठी
तिरुपूरहून लिहितोय, अकरा वर्षं इथे निर्यात खात्यात आहे. कणभर यांनी रसायन सांगितलं, मी कागद आणि पाणी सांगतो.

युरोपला माल जाणार असेल तर जंतुरोधक म्हणून विकलेलं कापड तिथल्या जैवनाशक नियमांखाली येतं. २०१२ चा ५२८ क्रमांकाचा नियम, सप्टेंबर २०१३ पासून लागू. वापरलेला जैवनाशक त्या कामासाठी मान्य यादीत किंवा तपासणीत असावा लागतो, लेबलवर त्याचं नाव लिहावं लागतं, आणि तो नॅनो रूपात असेल तर नावापुढे कंसात 'नॅनो' असंही लिहावं लागतं. आमच्याकडचे काही खरेदीदार तेवढ्यावरूनच चांदी नको म्हणतात. शाळेच्या टी-शर्टला हे लागू नाही हे माहीत आहे, पण उद्या निर्यातीचा विचार केलात तर आठवण असू द्या.

आणि पाणी. तिरुपूरच्या रंगाई-ब्लीचिंगच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि खाली ओरथुपालयम धरणाचं पाणी शेतीच्या कामाचं उरलं नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सातशेहून जास्त युनिटं बंद झाली. थेंबभरही पाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था झाल्यावरच ती टप्प्याटप्प्याने उघडली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ते दिवस पाहिलेले कामगार आमच्या खात्यात आहेत. गावी परत गेलेली माणसं, कुलूप लागलेले शेड, हे ते आजही सांगतात. कापडावरून सुटलेली चांदी सांडपाण्यात जाते, आणि सांडपाणी साफ होतं ते जिवाणूंच्याच जोरावर. पंचगंगेकाठी राहणाऱ्या माणसाला मी याहून जास्त काय सांगावं.

पंचगंगाकाठ
खरं बोललात. उन्हाळ्यात नदीवर उभं राहवत नाही.

सफेद_कोट
मी थोडं वेगळं मांडतो. एका रुग्णालयासाठी आम्ही चादरी आणि रुग्णांचे सुती कपडे पुरवतो. तिथे जंतुरोधक फिनिश मागतात आणि त्याला कारण आहे. कपडा एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो, जखमा उघड्या असतात. 'नकोच' असा सूर धाग्यात दिसतोय, तो मला पटत नाही. आम्ही चांदीऐवजी झिंक ऑक्साइड वापरून पाहिलं, रंगाची झाक येत नाही, स्वस्तही पडतं.

कणभर
तुमच्या कामासाठी फिनिशला जागा आहे, हे मला पूर्ण मान्य. माझा आक्षेप कारण नसताना वापरण्याला आहे.

झिंक ऑक्साइडची शिफारस मीही करते, आणि तिचं आणखी एक कारण आहे. पातळ पांढऱ्या सुती होजिअरीतून ऊन बरंच आरपार जातं, तिचा यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं याचा आकडा) बहुतेकदा एक आकडी असतो. झिंक ऑक्साइड सुमारे ३७५ नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरण शोषून घेतं. मे महिन्यात मैदानावर धावणाऱ्या मुलांना चांदीपेक्षा याचा उपयोग जास्त. मर्यादा एक: ते आम्लात विरघळतं, आणि घाम बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतो. म्हणून नुसत्या पाण्यात धुऊन केलेल्या चाचणीवर विसंबू नका, घामासारख्या द्रावणात भिजवूनही पाहा.

टायटॅनियम डायऑक्साइडचं नावही कुणी पुढे करेल. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात दाऊद आणि झिन यांनी २००४ च्या सुमारास कापसावर त्याचा थर कमी तापमानात बसवून उन्हात स्वतःच डाग फिके करणारं कापड केलं होतं. फार देखणं काम आहे. पण ऊन पडल्यावर जे कॉफीचा डाग खातं, ते रंगाई केलेला रंग आणि खुद्द सेल्युलोजही कालांतराने खाऊ शकतं. शाळेच्या रंगीत टी-शर्टवर मी ते घालणार नाही.

सफेद_कोट
घामाच्या द्रावणाची चाचणी आम्ही केली नव्हती. करून घेतो. आमचा निकष फक्त धुलाईचा होता.

जुना_डायमास्तर
कणभर, मला एक सांगा. सुतगाठ यांच्या मुलांच्या टी-शर्टला वास येतो त्याचं कारण काय? मी तर आयुष्यभर पाहिलं, सुती गंजीला वास कमीच येतो.

कणभर
काका, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या टी-शर्टला जास्त उग्र वास आढळला. वास तयार करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर चांगले वाढतात. कापूस घाम आत शोषून घेतो, पॉलिएस्टर तो पृष्ठभागावर ठेवतं.

आता सुतगाठ यांच्या कापडावर थेंब मिनिटभर बसून होता. म्हणजे सिलिकॉन लावून आपण कापसालाच पॉलिएस्टरसारखं वागायला लावलंय. घाम आत शिरत नाही, त्वचा आणि कापड यांच्यामध्ये राहतो. माझा अंदाज असा, की सॉफ्टनर बदललं तर वासाची तक्रार चांदीशिवायच बरीच कमी होईल. करून पाहिल्याशिवाय खात्री देणार नाही.

सुतगाठ
मग करूनच पाहतो. मास्तर सांगतील तसं विणून घेतो, दोन भाग करतो. एकावर फक्त बायोपॉलिश आणि हायड्रोफिलिक सिलिकॉन, दुसऱ्यावर त्याच्या जोडीला विक्रेत्याची चांदी. प्रयोगशाळेत नेमकं काय मागायचं ते सांगा.

कणभर
दोन्ही नमुने एकदा न धुता आणि एकदा वीस धुण्यांनंतर द्या. जंतुरोधकतेसाठी संख्या मोजणारी चाचणी मागा, एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३. ताटलीत जंतूंच्या नुसत्या रेघा ओढून कापडाभोवती ते न वाढलेली मोकळी जागा बघायची चाचणी जलद होते, पण सुटणारी चांदीच तिथे जास्त छान दिसते, म्हणजे जे फिनिश टिकणार नाही तेच चांगलं वाटायचा धोका. ताकदीसाठी होजिअरीला ताणून तोडायची चाचणी नको, फुटण्याची, म्हणजे बर्स्टिंग चाचणी लागते. तुमच्या गावात डीकेटीई हे वस्त्रोद्योगाचं महाविद्यालय आहेच. मुंबईत घाटकोपरला बीट्रा आणि वरळीला सस्मिरा या वस्त्रसंशोधन संस्था आहेत.

विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: '५० धुणी' कुठल्या पद्धतीने धुतली, आणि पन्नासाव्या धुण्यानंतरचा अहवाल आहे का?

सुतगाठ
(सात आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, हंगामाची गडबड होती. सांगायला बरंच आहे.

विणकर आधी तयार नव्हता. २.७५ वर मशीन हळू चालवावं लागतं म्हणाला. जॉबचा दर थोडा वाढवून दिला. नवं सूत कोम्ब्ड. प्रोसेस हाउसच्या मालकांसमोर ६६ आणि ६० चे दोन टी-शर्ट ठेवले आणि मास्तरांचं सगळं म्हणणं सांगितलं. त्यांनी न चिडता ऐकून घेतलं. ओव्हरफीड वाढवला, कॉम्पॅक्टरवर दोनदा घेतलं. रुंदी दीड इंचाने कमी आली, त्याप्रमाणे मी बेतणी बदलली.

आमच्या गल्लीच्या कबड्डी संघातल्या मुलांना दोन्ही प्रकारचे टी-शर्ट वाटले. कुठल्यात चांदी आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं, आतल्या बाजूला फक्त बारीक टाका घातला होता. वीस धुणी आईने आणि बायकोने हाताने धुतली, मोजून, वहीत लिहून.

आटणं: ६६ चा ६३.५ झाला आणि तिथेच थांबला. शिवण अजून थोडी फिरते, पण पोटावर येत नाही. काखेत बारीक लव आहे, गोळे नाहीत. थेंब दोन सेकंदांत मुरतो.

वासाचं मुलांना विचारलं. सुरुवातीला चांदीवाला टी-शर्ट बरा वाटल्याचं काहींनी सांगितलं, नंतर नंतर दोन्हींत फरक कळत नाही म्हणाले. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. न धुतलेल्या चांदीवाल्या नमुन्याचा निकाल उत्तम, वीस धुण्यांनंतरचा नमुना बिनचांदीच्या जवळ आलेला. विक्रेत्याकडून पन्नासाव्या धुण्याचा अहवाल काही आला नाही. चांदी मी घेतली नाही. तो खर्च कोम्ब्ड सुतात आणि विणकराच्या दरात घातला.

पीटीच्या सरांना एक नमुना दिला होता. त्यांनी स्वतः घालून मैदानाला फेऱ्या मारल्या आणि दीडशे नगांची मागणी नोंदवली.

कणभर ताई, उन्हाबद्दल तुम्ही लिहिलं होतं ते डोक्यात राहिलंय. पुढच्या उन्हाळ्याच्या शिबिरासाठी झिंक ऑक्साइडचा एक छोटा लॉट करून पाहायचा विचार आहे. घामाच्या द्रावणाची चाचणी धरून.

जुना_डायमास्तर
वा! वहीत लिहून वीस धुणी करणाऱ्या माउलींना माझा नमस्कार सांगा. साडेतीन-चार टक्के आटणं सिंगल जर्सीला चांगलं आहे, त्यामागे आता लागू नका. शिवण अजून फिरते त्यासाठी पुढच्या लॉटला सूत वाफ देऊन घ्या, पीळ बसतो. आणि लूप लेंथ प्रत्येक लॉटला मोजा. पहिला लॉट २.७५ देऊन तिसऱ्याला हळूच २.९ वर गेलेले विणकर मी पाहिले आहेत.

कणभर
अहवालातला बर्स्टिंगचा आकडा लिहायचा राहिला. बायोपॉलिशनंतर किती उतरला ते कळवाल का? झिंक ऑक्साइडच्या लॉटला बाइंडर किती घ्यायचं ते त्यावरून सांगते. आणि पाणी मृदू करून घेतलंय का तेही.

सुतगाठ
पाणी टँकरचं घेतलं होतं, मृदू केलेलं. अहवाल युनिटवर आहे, उद्या सकाळी फोटो टाकतो.